खरं कोन्तं धरावं?

आमचे वाशीम हे गाव उत्तर ध्रुवाशेजारच्या समुद्रात आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समजले.

सांगणारा माझाच विद्यार्थी होता. बी. एस्सी.च्या वर्गातला हा मुलगा एके दुपारी आपला लॅपटॉप छातीशी धरून प्राध्यापकांच्या खोलीत आला आणि चोराने मुद्देमाल पुढे ठेवावा तसा तो त्याने माझ्यासमोर ठेवला. "सर, नकाशा तयार झाला. पण आपला जिल्हा कुठं सापडून नाही राहिला." मी चष्मा सावरून पाहिले. पडद्यावर नुसते निळे पाणी. तो मागे मागे सरकत गेला तेव्हा वरच्या अंगाला काही बर्फाळ बेटे दिसू लागली. नॉर्वेच्याही उत्तरेला असलेली ती स्वालबार्ड बेटे. आमच्या साठेक विहिरी त्यांच्या दक्षिणेच्या समुद्रात एकमेकींना चिकटून, थंडीने कुडकुडत असल्यासारख्या उभ्या होत्या.

दोष फार लहान होता. वाशीमचे अक्षांश साधारण २०.११ उत्तर आणि रेखांश ७७.१३ पूर्व. नकाशा काढणारे 'लीफलेट' नावाचे जे साधन त्याने वापरले होते, त्याला अक्षांश आधी लागतो. आणि विहिरींच्या नोंदी ज्या मांडणीत होत्या, त्या 'जिओजेसन' मांडणीत रेखांश आधी लिहिण्याचा दंडक. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि लग्नपत्रिकेत नाव आधी, तसलाच हा प्रकार. आकडे उलटे पडले आणि जिल्हा ध्रुवाकडे गेला.

मला हसू आले त्याला एक खासगी कारण होते. पृथ्वीची मध्यरेषा आमच्या गावातून जाते, असा वाशीमकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभिमान आहे. गावात मध्यमेश्वराचे देऊळ आहे ते त्याच खुणेचे, असे सांगतात. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणारी जी रेषा जुन्या ज्योतिषांनी मानली, ती म्हणे याच पिंडीवरून जाते. आजच्या मोजणीने पाहू गेल्यास उज्जैनचा रेखांश आणि वाशीमचा रेखांश यांत सव्वा अंशाहून अधिक अंतर, म्हणजे जमिनीवर सुमारे एकशे चाळीस किलोमीटर पडतात. पण श्रद्धेला एवढी सूट द्यावी. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, आणि काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न राजशेखराने 'काव्यमीमांसे'त लावून दिले तेही इथेच. तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाने या गावात राहून थोडा माज केला तर तो क्षम्य ठरावा! असे हे पृथ्वीच्या मधोमध असलेले गाव एका स्वल्पविरामाच्या अलीकडचा आकडा पलीकडे गेल्याने समुद्रात बुडाले.

मराठीचा मास्तर या नकाशांच्या भानगडीत कसा सापडला, ते आता सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर घेऊन आम्ही मालेगाव तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. (हे मालेगाव नाशिककडचे नव्हे, आमचे.) २०२४ चा जानेवारी महिना होता. मुलांनी रस्ते झाडले, भिंती रंगवल्या, आणि संध्याकाळी करायला काही उरेना म्हणून मी त्यांना एक उद्योग दिला: आसपासच्या पाच-सहा गावांतल्या सार्वजनिक विहिरी आणि बारवा मोजा, आणि प्रत्येकीचे नाव विचारा. माझा स्वार्थ नावांत होता. गावांच्या नावांवर पुष्कळांनी लिहिले आहे. विहिरींच्या नावांकडे कोण पाहतो? मुले वह्या भरून घेऊन आली. पिंपळाची विहीर, गोसाव्याची बारव, खारी, नवसाची, भांडकुदळी. एक होती 'रडकी'. तिचे झरे धार धरीत नाहीत, नुसते डोळे गळावेत तसे कपारीतून ठिबकतात, म्हणून रडकी. आणि एक होती 'गोडी'. तिच्यावर तर मी त्याच रात्री पानभर मजकूर लिहून काढला. खाऱ्या पाण्याच्या मुलखात एका विहिरीला गोडी म्हणणाऱ्या लोकांच्या रसिकतेबद्दल जे जे सुचेल ते सारे त्यात होते. त्या मजकुराकडे पुढे यायचेच आहे.

मुलांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. नाव, खोली आणि कथा यांच्या जोडीने त्यांनी चौथा रकाना घातला: पाणी पिण्यास योग्य की अयोग्य. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून तो भरला. आमच्याकडे आरोग्य खाते पाण्याच्या व्यवस्थेवरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे नाही तर लाल कार्ड देते, त्यामुळे रंगांची ही भाषा खेड्यांत सर्वांना पाठ. मुलांनी ठिपक्यांनाही तेच रंग द्यायचे ठरवले.

पूर्वी नकाशा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला कापडावर चिकटवलेला गावनकाशा. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात शंकू-साखळीची मोजणी झाली, त्या तेहतीस फुटी साखळीतून आपला गुंठा निघाला, आणि ती रेषा एकदा कापडावर उमटली की दोन पिढ्या तिच्याकडे कोणी बोट करीत नसे. नकाशा मुका होता. माहिती हवी तर तलाठ्याला विचारायची, आणि तलाठी कचेरीत असला तर! आज राज्य शासनाच्या 'महाभूनकाशा'वर जिल्हा, तालुका, गाव निवडा, एखाद्या गटावर टिचकी मारा, की त्या तुकड्याचा खातेदार कोण हे बाजूला लिहून येते. वाशीम जिल्ह्यातले शेतकरी हे सर्रास करतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांना वर्तमानपत्राचे अक्षर लागत नाही, ते मोबाइलवर आपला गट बोटाने दाबतात आणि नातवाला म्हणतात, "वाच, काय म्हनते ते." नकाशा आता 'म्हणतो'. बोट ठेवले की बोलतो. हा बदल २००५ साली गुगलने आपला नकाशा संगणकावर खुला केल्यापासून झपाट्याने झाला. ज्या भाषेत नकाशाला हे बोलणे शिकवतात ती जावास्क्रिप्ट मात्र त्याहून दहा वर्षांनी थोरली. १९९५ साली ब्रेंडन आईक नावाच्या गृहस्थाने तिचा पहिला साचा दहा दिवसांत बांधला. दहा दिवसांत भाषा! आमचे व्याकरणकार 'ऱ्हस्व की दीर्घ' यावर याहून अधिक वर्षे भांडले आहेत.

आणि ज्याच्या जोरावर आमच्या विहिरी बोलू लागल्या ते लीफलेट २०११ साली कीव्हच्या व्लोदिमिर आगाफोन्किन या युक्रेनियन तरुणाने काढले. ते फुकट मिळते. २०२२ च्या युद्धानंतर त्याच्या नकाशांच्या कोपऱ्यात युक्रेनचा चिमुकला निळा-पिवळा झेंडा दिसू लागला. आमच्या रडक्या विहिरीच्या खालीही तो आहे. एका आजीने मला विचारले, "हा कोन्त्या पक्षाचा?"

असो. आकडे सुलटे केले, विहिरी समुद्रातून परत आल्या, आणि मी नकाशा घरी नेऊन आईला दाखवला. माझी आई त्याच टापूतली. तिने मोठ्या हौसेने एका ठिपक्यावर बोट ठेवले. वर एक पांढरी चौकट उगवली. या चौकटीला पॉपअप म्हणतात. तीत लिहिले होते: रडकी. दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवले. रडकी. तिसरीवर, रडकी. आईने दहा-बारा ठिकाणी दाबून पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला.

"अरे, ज्याला विचारावं तो एकच नाव सांगून राहिला. गावात पोलीस आले आहेत काय?"

मी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने रात्रभर डोके खाजवले. त्याला यादी बरोबर दिसत होती, ठिपके जागच्या जागी होते, आणि तरी साठही विहिरी रडत होत्या. त्या आठवड्यात माझी भाची पुण्याहून आली होती. ती अशाच एका कंपनीत हेच काम करते. तिने दोन मिनिटे तो मजकूर वाचला आणि हसून म्हणाली, "मामा, हे तर तुमच्याच विषयातलं आहे. सर्वनामाची चूक आहे."

मला वाटले, मुलगी मामाचे मन राखते आहे. पण तिने समजावून सांगितले ते असे. विद्यार्थ्याने संगणकाला सांगितले होते की, यादी वरून खाली वाच. एकेक विहीर हातात घे, 'विहीर' नावाच्या डबीत ठेव, तिचा ठिपका काढ आणि ठिपक्याला बजावून ठेव, "तुझ्यावर कोणी बोट ठेवले की डबीत जी विहीर असेल तिचे नाव सांग." पहिल्या ठिपक्याच्या वेळी डबीत पिंपळाची विहीर होती, दुसऱ्याच्या वेळी गोसाव्याची. पण डबी एकच! यादी संपली तेव्हा डबीत शेवटची विहीर उरली, ती रडकी. हे सारे पापणी लवते न लवते तोच आटोपते. बोट ठेवणारा माणूस येतो त्यानंतर, केव्हा तरी. तेव्हा प्रत्येक ठिपका इमाने इतबारे डबी उघडून पाहतो, आणि डबीत रडकी असते.

"म्हणजे," मी म्हणालो, "वाण्याच्या दुकानातली पाटी. 'आज रोख, उद्या उधार.'"

"अगदी!"

त्या पाटीची सारी गंमत अशी आहे की तीतला 'उद्या' पाटी रंगवली त्या दिवसाच्या नंतरचा नव्हे. तो वाचणाऱ्याच्या दिवसाच्या नंतरचा. म्हणून गिऱ्हाइकाला उधारी जन्मात मिळत नाही. उलट पत्रात आपण 'आज ताप उतरला' लिहितो, तेव्हा तो 'आज' वर लिहिलेल्या तारखेला जखडलेला असतो. पत्र आठ दिवसांनी पोहोचले तरी ताप त्याच दिवशी उतरलेला. आमच्या ठिपक्यांना विद्यार्थ्याने पाटी दिली होती, द्यायला हवे होते पत्र.

उपाय एका शब्दाचा निघाला. जुन्या पुस्तकावरून शिकल्यामुळे मुलाने डबी 'व्हार' या शब्दाने घडवली होती. ती सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असते. २०१५ साली या भाषेत 'लेट' हा शब्द आला. त्याने घडवलेली डबी दर फेरीला नवी होते, आणि प्रत्येक ठिपका आपापली डबी बगलेत मारून बसतो. भाचीने शब्द बदलला, आईने पुन्हा बोट ठेवले, आणि साठ विहिरी साठ नावांनी बोलल्या. आईने त्यांतली दोन नावे चुकीची असल्याचे तत्काळ सांगितले. पण तो दोष जावास्क्रिप्टचा नव्हता.

मधल्या काळात आणखी एक-दोन विनोद झाले, ते भराभर सांगून टाकतो. लोकांना नवी विहीर सुचवता यावी म्हणून मोकळ्या जागी टिचकी मारली की 'येथे विहीर नोंदवा' असा कागद उघडेल, अशी सोय मुलांनी केली. पण आमचे ठिपके ज्या जातीचे होते त्या गोल ठिपक्यावर मारलेली टिचकी तिथेच न थांबता खालच्या नकाशालाही पोहोचते. दारावरची थाप आतल्या खोलीत ऐकू जावी तशी. त्यामुळे विहिरीची कथा वाचायला जावे तो त्याच जागी नवी विहीर नोंदवण्याचा कागद पुढे येई. भोळ्या लोकांनी तो भरलाही! आठवड्याभरात एका गावात पाच विहिरी वाढल्या, त्याही घमेलाभर माती न उपसता. कागदावर विहिरी खणण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे, तीत आमची ही भर. ठिपक्याला 'थाप इथेच थांबव' असे बजावल्यावर ते बंद झाले. दुसरे म्हणजे, दर वेळी यादी ताजी करताना जुनी आज्ञा न काढता नवी बांधली जाई. त्यामुळे सकाळी एक टिचकी एकदा मोजली जायची आणि संध्याकाळपर्यंत तीच टिचकी वीसदा. आमचा नकाशा जिल्हाभर पाहिला जातो असे मी दोन दिवस मिरवून घेतले होते.

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पुढचे मात्र नव्हते.

रडकीच्या प्रकरणाने विद्यार्थी इतका धास्तावला होता की त्याने ठरवले, आता डबीच नको. पान उघडताक्षणी प्रत्येक विहिरीचा सगळा मजकूर, म्हणजे नाव, खोली, कथा आणि पाणी योग्य की अयोग्य, एका ओळीत लिहून ठिपक्याला चिकटवून टाकायचा. सगळ्यांना पत्रे! यादीत बदल झाला की दर दहा मिनिटांनी ठिपक्याचा रंग बदलण्याची तजवीज त्याने केली होती, आणि ती उत्तम चालत होती. मीही ते काम पाहून 'छान' म्हणालो. हे कबूल केलेच पाहिजे.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. वरच्या अंगाचे पाणी गावातली घाण घेऊन विहिरींत उतरते ते याच दिवसांत. पाणी तपासण्याची एक साधी बाटली मिळते. तीत पाणी भरून ठेवायचे, २४ ते ४८ तासांत ते काळे पडले तर पाणी दूषित. गोडी विहिरीची बाटली काळी पडली. जलसुरक्षकाने सांगितले, विद्यार्थ्याने यादीत 'अयोग्य' केले, ठिपका लाल झाला. आम्ही आमचे काम केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक फोन आला. पलीकडे त्या गावच्या आशाताई होत्या. शिबिरात त्यांनीच मुलांना घरोघर नेले होते.

"सर, ठिपका तं लाल हाय, अन् आत लिवलं हाय, पानी पेयासाठी चांगलं. आता खरं कोन्तं धरावं?"

मला प्रथम काही कळलेच नाही. मग त्यांनी सांगितले. गावात लग्न होते. वाढप्यांतल्या एका तरुण पोराने मोबाइलवर आमचा नकाशा उघडला. उघडला म्हणजे काय, तो परवापासून उघडाच होता. आजकालची मुले पान मिटतात कुठे? त्याने गोडीवर बोट ठेवले, चौकटीत 'पिण्यास योग्य' वाचले, आणि दोन मोठाले ड्रम तिथून भरून आणले. रंगाकडे त्याने पाहिले नाही. रंग पाहायचा असतो हे परगावच्या पोराला कोण सांगणार? आशाताई मांडवात गेल्या त्या गॅस्ट्रोच्या गोळ्या आणि क्लोरीनच्या बाटल्या पिशवीत घेऊनच. त्यांनी पाणी कुठले म्हणून विचारले आणि ड्रम ओतून टाकायला लावले. वरपक्षाची माणसे चिडली. भर मांडवात पाणी ओतणे हा अपशकुन. कोणी तरी त्यांना मोबाइल दाखवला, "कॉलेजच्या मास्तरांनी लिहिलं आहे योग्य म्हणून, तुम्ही कोण?" तेव्हा त्यांनी स्वतःचा फोन काढला, आणि त्यावरही तेच दिसले: बाहेर लाल, आत योग्य.

ड्रम ओतून झाल्यावर त्यांनी मला फोन केला होता. म्हणजे खरे कोणते धरायचे हे त्या आधीच ठरवून बसल्या होत्या. त्यांना फक्त मला विचारायचे होते.

मी वर्गात गेलो नाही. विद्यार्थ्याला बोलावून घेतले, पुण्याला फोन लावला. भाचीने ऐकून घेतले आणि या वेळी ती हसली नाही. पान उघडले तेव्हा लिहिलेली ओळ ठिपक्याला चिकटली ती चिकटलीच. रंग ताजा होत होता, चौकट तशीच राहत होती. चौकटीतला मजकूर बदलण्याची वेगळी आज्ञा आहे, 'सेट पॉपअप कंटेंट', ती दिलीच नव्हती. याहून बरा मार्ग असा की चौकटीला तयार मजकूर द्यायचाच नाही. मजकूर कसा बनवायचा ती रीत द्यायची. मग कोणी बोट ठेवले की त्या क्षणी यादी पाहून मजकूर बनतो.

"म्हणजे पुन्हा वाण्याची पाटी," मी म्हणालो.

"हो मामा. पण नावाला नाही. फक्त पाण्याला."

त्या वाक्याने मला एकदम उजेड पडला. पहिल्या खेपेला ठिपके विचारण्याच्या वेळेचे बोलत होते, आणि आम्हाला हवे होते सांगण्याच्या वेळेचे. दुसऱ्या खेपेला नेमके उलटे. पहिल्या दुखण्यावरचे औषधच दुसऱ्या दुखण्याचे कारण झाले होते. गोडी हे नाव पाणी नासले म्हणून बदलत नाही. ते पत्रातले 'आज' आहे. पाणी मात्र ज्या घडीला तहानलेला माणूस विचारतो त्या घडीचे सांगितले पाहिजे. आणि या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत, एकाखाली एक, एकाच अक्षरात लिहिलेल्या असतात. वाचणाऱ्याला त्यांचे वय कसे कळावे?

विद्यार्थ्याने त्याच दुपारी बदल केला. उघडीच राहिलेली चौकटही यादी येताच ताजी होईल, अशी व्यवस्था भाचीने त्याच्याकडून करून घेतली, कारण बोट ठेवून झाल्यावर लोक चौकट तशीच ठेवून तासभर गप्पा मारतात. मग आमचा एक वाद झाला. आमच्या खेड्यांत मोबाइलला रेंज असते आणि नसते. यादी आलीच नाही तर चौकटीने काय बोलावे? विद्यार्थ्याचे म्हणणे, जे शेवटचे ठाऊक आहे ते सांगावे. मी म्हणत होतो, गप्प बसावे. ड्रमची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. भाची म्हणाली, ज्यांना वापरायचे आहे त्यांना विचारा. म्हणून आशाताईंना फोन केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "सर, तारीख टाका ना. आमच्या रजिस्टरात तारखेबिगर काईच चालत नाही." आम्हा तिघा शिकलेल्या माणसांना हे सुचले नव्हते. आता पाण्याच्या ओळीपुढे तपासणीची तारीख येते, आणि यादी मिळाली नाही तर त्या तारखेखाली 'यानंतरची माहिती मिळाली नाही' असे स्पष्ट लिहून येते.

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. हिंदुस्थानच्या महामोजणीचा तो आद्य पुरुष. अर्ध्या टनाचे मोजयंत्र डोंगराडोंगरावर चढवीत, इंचाइंचाचा हिशेब ठेवीत तो आमच्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ च्या जानेवारीत तिथेच वारला. मागे एकदा नागपूरहून येताना मी ती पाहिली होती. नकाशावरचा एखादा ठिपका चुकला तर काय होईल याची त्या माणसाला केवढी धास्ती असेल, ते त्या जूनमध्ये मला पहिल्यांदा समजले. आणि त्याचे ठिपके तर मुके होते.

पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, मी विद्यार्थ्याला घेऊन त्या गावी गेलो. गोडीत टीसीएल पावडर टाकून, गाळ उपसून, काठ बांधून घेतला होता. बाटली या खेपेला काळी पडली नव्हती. आशाताई विहिरीपाशीच भेटल्या. त्यांच्याबरोबर डोक्यावर पदर घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. विद्यार्थ्याने यादीत 'योग्य' केले. आशाताईंनी आपला फोन काढला, ठिपका हिरवा होईपर्यंत वाट पाहिली, मग त्यावर बोट ठेवले आणि आधी तारीख मोठ्याने वाचली. आजची होती. "झालं," त्या म्हणाल्या.

मग त्या वरची कथा वाचू लागल्या, म्हाताऱ्या बाईंना ऐकू जावी म्हणून सावकाश. खाऱ्या मुलखातली गोड विहीर, लोकांची रसिकता, तो माझा पानभर मजकूर. बाईंनी दोन-तीन वाक्ये ऐकली आणि मान हलवली.

"गोडी न्हाय वं माय. घोडी. बाजाराले जानाऱ्यांची घोडी इथं पानी पेत. घोडीची इहीर."

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. शिबिरात हे नाव टिपून घेणारा तोच होता. मी विहिरीच्या काठाकडे पाहिले. तिथे खरोखरच एक जुने दगडी कुंड होते, गुरांच्या मानाने जरा उंच. ते मी जानेवारीतही पाहिले होते.

"सर, बदलू काय?" त्याने विचारले. त्याचे बोट तयारच होते.

मी थांब म्हणालो. अजून दोन म्हातारी माणसे गावात आहेत असे आशाताई सांगतात. येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे.